दोष आईचा नव्हे, चुकलेल्या तारखेचा

बाळंतपणासाठी विट्याला माहेरी आलेली एक मुलगी मला भेटली. नवरा तमिळनाडूत गलाईच्या दुकानात. सातव्या महिन्यातच ती बाळंत झाली. सव्वा किलोची मुलगी तीन आठवडे काचेच्या पेटीत होती, ऑक्सिजनवर जगली. घरी पेढे वाटले. सात महिन्यांनी लक्षात आलं, की बाळ उजेडाकडे वळतच नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, पडदा सुटला आहे, आता उपाय नाही. सासूनं निकाल दिला, "ग्रहण पाळलं नसशील." तिनं मला विचारलं, "ताई, खरंच माझ्यामुळं झालं का गं?"

नाही, तुझ्यामुळे नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यातल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. पुढे त्या वेड्यावाकड्या वाढल्या, तर पडदाच ओढून काढतात. बेहिशेबी ऑक्सिजननं हा धोका वाढतो. मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल या बाईंनी 1951 मध्येच तसं दाखवून दिलं होतं. डोळा बाहेरून चांगलाच दिसतो, त्यामुळे आईला काही कळणं शक्य नसतं. पण वेळेवर तपासलं आणि गरज पडल्यास लेसर केलं, तर बहुतेक बाळांची नजर वाचते.

नियम साधा आहे. 34 आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं प्रत्येक बाळ 30 दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासायचं. फारच लहान बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच.

आता हे 30 दिवस आपल्या घरात कुठे पडतात पाहा. सव्वा महिन्यात! बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, बाळाला वारा लागू द्यायचा नाही. सांगली-मिरजेला जायचं तर गाडी कोण करणार, पैसे माहेरानं द्यायचे की सासरानं, ठरेपर्यंत तारीख उलटते. या मुलीच्या कार्डावर तपासणीची एक ओळ होती, पण इंग्रजीत. ती कुणी वाचून दाखवली नाही. निर्णयात आईला वाटा नाही आणि दोष मात्र सगळा तिच्या पदरात!

पूर्ण दिवसांच्या बाळाचेही डोळे पाहायला हवेत. अंधाऱ्या खोलीत डोळ्यात विशिष्ट उपकरणानं उजेड टाकला, की निरोगी बुबुळातून लालसर चमक येते. दोन मिनिटांचं काम. चमक पांढरी दिसली तर जन्मजात मोतीबिंदू, क्वचित डोळ्याचा कॅन्सरही असू शकतो. असा मोतीबिंदू पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत काढला तर नजर नीट घडते. म्हणजे इथेही घाई सव्वा महिन्याचीच.

ही मागणी म्हणजे उपकाराची याचना नव्हे. 2013 मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे दोन्ही आजार आहेत. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला वर्षभर सरकारी दवाखान्यात उपचार आणि वाहन मोफत आहे. तमिळनाडूत 1996 मध्ये अपुऱ्या दिवसांची जन्मलेली एक मुलगी अशाच हयगयीनं आंधळी झाली. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला सुमारे एक कोटी ऐंशी लाखांची भरपाई देवविली. पण त्यासाठी बापाला वर्षानुवर्षं झगडावं लागलं, आणि नजर परत आली नाही ती नाहीच.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या गटांनी दवाखान्यांकडे तीन गोष्टी मागाव्यात. घरी सोडताना तपासणीची तारीख आणि ठिकाण कार्डावर मराठीत लिहावं, आईला वाचून दाखवावं. ती तारीख आशाताईलाही कळवावी, बाळ माहेरी असो की सासरी. आणि त्या दिवशी गाडी दारात यावी.

आणि घराघरांत आपण सांगायचं, की सव्वा महिना पाळा हवा तर, पण ही एक तारीख त्याहून मोठी आहे. ग्रहणाचा हिशेब ठेवणाऱ्या घराला 30 दिवसांचा हिशेब ठेवता येणार नाही का?