हसावे कोणास?

उचगावापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या कोल्हापुरात १९३८ साली हंस पिक्चर्सने ‘ब्रह्मचारी’ हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढिला. कथा आचार्य अत्रे यांची, दिग्दर्शन मास्टर विनायक यांचे. नायक औदुंबर एका व्याख्यानाच्या भरात ब्रह्मचर्याचा निश्चय करितो, नट्यांची चित्रे काढून टाकितो, आणि पुढे किशोरी समोर येताच त्या निश्चयाची जी त्रेधा उडते तीच सारी गंमत! अत्र्यांच्या मराठी कोट्या हिंदीत जशाच्या तशा नेणे कठीणच. श्लेष भाषेच्या वेशीवर अडतो. फजिती मात्र वेस ओलांडून जाते. चार्ली चॅप्लिन यांस तर कित्येक वर्षे पडद्यावर बोलण्याची गरजच भासली नाही.

परंतु एक भेद वाचकांनी ध्यानी घ्यावा. अत्रे-विनायक हसले ते आपल्याच समाजातील ढोंगास. शाळांच्या स्नेहसंमेलनांतील प्रहसनांत हशा पिकतो तो पुष्कळदा मोडके मराठी बोलणाऱ्या मारवाड्यावर, नाही तर मद्राशावर. पालकही टाळ्या देतात! ही निव्वळ नक्कल होय, व ती लिहावयास बुद्धीही फारशी लागत नाही. अशी पात्रे संमेलनातून वगळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रहसन लिहावयाचेच तर घोकंपट्टीवर लिहावे. आम्हां शिक्षकांच्या लांबलचक भाषणांवर लिहावे. घरी कानडी बोलणारा विद्यार्थीही मग मनापासून हसेल. आज तो इतरांकडे पाहून हसतो.