मधाची ट्रान्सफर एंट्री

आधीच सांगून टाकतो, ओट्सशी माझं वैर नाही. ओट्स म्हणजे जई. आपल्याकडे ती जनावरांना हिरवा चारा म्हणून पेरतात. पण म्हशीला चालतं ते माणसाला का चालू नये? तिच्यातल्या तंतूमुळे कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, हेही खरं. माझं भांडण आहे ते त्या वाटीत वरून जे ओततात त्याच्याशी.

हल्ली अमरावतीत सकाळी फिरून आलेला गृहस्थ ओट्सची लापशी पुढ्यात घेतो आणि तिच्यावर तीन चमचे मध सोडतो. मध अर्थातच मेळघाटचा, बाटली चिखलदऱ्याहून आणलेली. साखरेचं नाव काढलं की हाच गृहस्थ कानांवर हात ठेवतो. आमचे कॅशियर तर म्हणतात, "मधात कायची शुगर भाऊ? थे तं औषध आहे!"

मी कॉमर्सचा माणूस. आकडे मांडल्याशिवाय मला औषधही पचत नाही. चहाच्या सपाट चमच्यात साखर मावते सुमारे ४ ग्रॅम. त्याच चमच्यात मध मावतो ७ ग्रॅम आणि त्यात साखर असते साडेपाच ग्रॅमच्या वर. म्हणजे चमच्यास चमचा लावला तर मधच भारी! बँकेत याला ट्रान्सफर एंट्री म्हणतात. एका खात्यात नावे, दुसऱ्यात जमा. तिजोरीतली रोकड जागची हललेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली असल्या साखरेला जी मर्यादा सुचवली, तिच्यात मध आणि फळांचे रससुद्धा धरले आहेत. शक्य तर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहा, म्हणतात. आमच्या गृहस्थांनी सकाळी आठलाच १७ ग्रॅमची उचल केलेली असते. चहा अजून व्हायचाय.

गुळाचीही तीच कथा. गुळात लोह असतं म्हणे. असेल, पण चमचाभर गुळातलं लोह शोधायला ऑडिटर बसवावा लागेल. आमच्या मामांनी डॉक्टरांना "साखर सोडली" असं सांगून दहा वर्षं गुळाचा चहा घेतला. पायाचा अंगठा काढावा लागला तेव्हाही ते म्हणत होते, "साखरेला तर मी शिवतही नाही!" आणि मामा एकटे नाहीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत.

फळांचा स्वाद असलेली ओट्सची पाकिटं मिळतात, ती उलटी करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. साखर कितव्या नंबरावर उभी आहे ते पाहा आणि मग पुढच्या चित्रातल्या स्ट्रॉबेरीकडे पाहा.

मग गोड करायचं तरी कशानं? अहो, हे अमरावती जिल्ह्यातल्या माणसानं विचारावं! वरूड-मोर्शीकडे झाडं संत्र्यांनी वाकलेली असतात. (२०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते 'नागपूर संत्र्या'ला. झाडं आमच्याकडेही, नाव त्यांचं. हीसुद्धा ट्रान्सफर एंट्रीच.) संत्र्याच्या फोडी घाला, रस नको, रसात चोथा जातो आणि साखर तेवढी उरते. वाटीत दूध असेल तर ओट्स गार होऊ द्या, नाहीतर दूध फाटेल आणि दोष माझ्यावर येईल. संत्री नसतील तेव्हा केळं आहे, मोजून दोन खारका आहेत. वेलदोडा, जायफळ किंवा दालचिनी टाकली तर नाक जिभेला परस्पर फसवतं आणि निम्म्या गोडीतही भागतं.

पण मुळात गोडाचा हट्ट कशाला? अकोल्याला आमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात मी ओट्सचं पाकीट नेऊन दिलं. त्यांनी ते निमूटपणे शिजवलं, ताक घातलं, वरून जिऱ्या-लसणाची फोडणी दिली. मी वाटी चाटूनपुसून खाल्ली. त्यांनीही चमचाभर चाखून पाहिलं आणि म्हणाल्या, "जावईबुवा, ह्या तं कण्याच झाल्या! मंग ज्वारीच्याच काहून नाई खात तुम्ही?"

उत्तरासाठी मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आहे.