धीर धरण्याची ऐपत

घरांचा बाजार मंदावला की दोन प्रकारचे उपदेशक हमखास पुढे येतात. सर्वनाश ओढवला आहे, मिळेल त्या भावाला विकून मोकळे व्हा, असे एकाचे सांगणे असते. दुसरा म्हणतो की जमीन काही नव्याने निर्माण होत नाही, भाव पुन्हा चढणारच, तेव्हा आशा सोडू नका. दोघांनीही घर म्हणजे भाव एवढेच गृहीत धरलेले असते. त्या घराच्या हप्त्यापायी कोणाच्या पगाराला दरमहा कात्री लागते आणि त्याच्या विटा कोणी वाहिल्या, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

महाराष्ट्राला या विषयाचा अनुभव नवा नाही. २०१३-१४ च्या सुमारास मुंबई परिसरात घरांची विक्री रोडावू लागली. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेने देणी थकविली आणि बिल्डरांना कर्ज देणाऱ्या बिगरबँक कंपन्यांचा पैशाचा ओघ आटला. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, कारण एकाच बांधकाम उद्योगसमूहाला दिलेली प्रचंड कर्जे लपविली गेली होती. ज्यांनी आयुष्यात कधी फ्लॅटची चौकशीही केली नसेल, अशा ठेवीदारांना प्रारंभी सहा महिन्यांसाठी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा मिळाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि बांधकामे ठप्प झाली.

पुढे बाजार सावरला. राज्य सरकारने मुद्रांक शुल्क सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणि त्यानंतर मार्च २०२१ अखेर ३ टक्क्यांवर ठेवले. खरेदीदारांची रीघ लागली. आशावाद्यांचे भाकीत खरे ठरले, असे म्हणता येईल. परंतु ते कोणासाठी खरे ठरले? ज्याची नोकरी टिकली, ज्याचे हप्ते चुकले नाहीत, तो सावरलेला बाजार पाहू शकला. ज्याचे घर मधल्या काळात बँकेने जप्त केले, त्याला पुढच्या तेजीचा काय उपयोग? अमेरिकेतही हेच घडले. २००६ ते २०१२ या काळात तेथील घरांच्या किमती सरासरीने एक चतुर्थांशाहून अधिक घसरल्या आणि नंतर भरूनही निघाल्या. पण दरम्यान लक्षावधी कुटुंबे बेघर झाली होती. सरासरी सावरली, माणसे सावरली नाहीत.

यातून एक साधा निष्कर्ष निघतो. आशावाद हा केवळ स्वभावाचा गुण नाही, त्याला ऐपत लागते. थांबण्याची शक्ती ज्याच्यापाशी आहे त्याला धीर धरणे परवडते. ही शक्ती समाजात उत्पन्नाइतकीच विषम वाटली गेली आहे. म्हणून हप्ता आणि भाडे असा दुहेरी भार वाहणाऱ्या कारकुनाला किंवा काम बंद पडल्यावर गावी परतणाऱ्या बांधकाम मजुराला 'सकारात्मक राहा' असे सांगणे ही त्याची थट्टा ठरते.

तथापि, भाव कोसळले की गरिबांचे भले होईल, हा उलटा भाबडेपणाही टाळला पाहिजे. केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये शहरी घरांचा तुटवडा सुमारे १ कोटी ८८ लाख इतका सांगितला होता. त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक तुटवडा दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतील होता. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, शहरांतील सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. रिकामी घरे आणि घराविना माणसे शेजारी-शेजारी नांदत होती, कारण ती घरे राहण्यासाठी नव्हे, भाव चढण्याची वाट पाहण्यासाठी बांधली गेली होती. मंदी आली की त्यांचे भाव थोडे उतरतात, पण त्याच वेळी रोजगार आणि कर्ज दोन्ही आटतात. गरजूच्या आवाक्यात घर येतच नाही.

मग संतुलन म्हणजे काय? राहत्या घराचा कागदावरचा भाव उतरला म्हणून त्या घराची ऊब कमी होत नाही. हप्ता झेपत असेल तर घाबरून विकण्याचे कारण नाही, आणि स्वस्ताई आली म्हणून दुसऱ्या घरासाठी कर्ज काढून जुगार खेळण्याचेही नाही. ज्यांचे पैसे अर्धवट इमारतीत अडकले आहेत, त्यांनी मात्र एकाकी धीर धरीत बसू नये. मे २०१७ पासून अमलात आलेल्या रेरा कायद्याप्रमाणे खरेदीदारांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. २०१८ पासून दिवाळखोरी कायद्याने खरेदीदारांना वित्तीय धनकोंचा दर्जा दिला. मात्र अर्ज करण्यासाठी पुढे किमान १०० खरेदीदार किंवा प्रकल्पातील १० टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके एकत्र यावे लागतील, अशी अट आली. अट जाचक असली, तरी संघटनेवाचून न्याय नाही हे तिने नकळत मान्यच केले आहे.

कार्यकर्त्यांचे काम येथे सुरू होते. रखडलेल्या प्रकल्पांतील कुटुंबांना एकत्र आणणे, बांधकाम मजुरांची नोंदणी करून उपकरातून जमलेला कल्याणनिधी त्यांच्यापर्यंत पोहोचविणे, आणि सरकारच्या सवलती महागड्या घरांच्या विक्रीसाठी न जाता भाड्याच्या परवडणाऱ्या घरांकडे वळाव्यात असा आग्रह धरणे, ही कामे मंदीतच करावयाची असतात. तेजीच्या काळात ती कोणी ऐकून घेत नाही. देशातील शहरी घरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. ही घसरण कोणत्याही भावाच्या घसरणीहून अधिक चिंतेची आहे, पण तिच्याविषयी कोणी हळहळत नाही.

बाजार उतरेल आणि चढेलही. त्याच्या चढण्यावर भिस्त ठेवणारी आशा बिल्डरला पुरते. श्रमिकांची आशा त्यांनी एकमेकांना दिलेल्या आधारावर उभी राहिली, तरच ती पुढच्या मंदीतही टिकेल.