दुखण्याच्या वेळी कुठलं दार ठोठवायचं?

मैत्रिणींनो, आज लोणची-मसाले बाजूला ठेवू या. विषय जरा जड आहे, पण घर चालवणाऱ्या बाईला तो ठाऊक हवाच.

आम्ही मुलुंडला राहतो. मागे एकदा आमच्या मजल्यावरच्या वहिनींच्या यजमानांच्या छातीत रात्री अकराला कळा येऊ लागल्या. जवळच्या खासगी इस्पितळात नेलं, तर आधी अनामत भरा म्हणाले. वहिनींनी हातातल्या पाटल्या काढून माझ्या ओंजळीत ठेवल्या. "सकाळी मोडू, आत्ता कुणाकडून तरी पैसे आणा हो!" दादा वाचले, पाटल्या गेल्या. चौथ्या दिवशी तिथल्याच एका सिस्टरनं विचारलं, "धर्मादाय योजनेत अर्ज नाही का केलात? हे ट्रस्टचं इस्पितळ आहे." आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

सरकारी म्हणजे फुकट आणि खासगी म्हणजे पैसेवाल्यांचं, अशी आपली समजूत. ती अर्धीच खरी आहे. मधे दोन दारं आहेत.

पहिलं दार धर्मादाय इस्पितळांचं. ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या इस्पितळांना सवलती मिळतात, त्या बदल्यात त्यांच्यावर गरिबांची जबाबदारी असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ साली त्याची योजना ठरली. १०० खाटांपैकी १० निर्धनांसाठी मोफत आणि १० दुर्बल घटकांसाठी सवलतीत. शिवाय बिलांच्या २ टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत ठेवायची. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. दादांचा पगार महिना १४ हजार. म्हणजे वर्षाचे १ लाख ६८ हजारच झाले की! आणि जिवावरच्या प्रसंगी अनामत न मागता पेशंटला दाखल करून घ्यायचं, हेही त्याच योजनेत आहे.

दुसरं दार महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं. २०१२ साली ती वेगळ्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं मुंबई उपनगरही होतं. इस्पितळ सरकारी असो की खासगी, योजनेच्या यादीत असलं आणि उपचारही यादीतला असला, तर बिल योजनेतून भरलं जातं. २०२३ साली कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मंजूर झालं. अशा इस्पितळात 'आरोग्यमित्र' बसतो. दाखल होतानाच त्याला गाठायचं. घरी आल्यावर बिलं दाखवून उपयोग नाही.

म्हणून महापालिकेच्या इस्पितळांना नाक मुरडू नका हं. घाटकोपरचं राजावाडी, जुहूचं कूपर ही आपली हक्काची ठिकाणं. गर्दी असते, रांग लागते, पण पाटल्या हातातच राहतात.

आता घरात एक फाइल करा. तीत ठेवायचं ते असं:

१. रेशनकार्ड आणि सगळ्यांची आधारकार्डं, दोन-दोन झेरॉक्ससह.
२. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. घाटकोपर-मुलुंडकरांचा तालुका कुर्ला. मुदत संपली की नवा काढा.
३. जवळपासची ट्रस्टची आणि योजनेतली इस्पितळं कुठली, याची यादी. आजारपण नसतानाच चौकशी करून लिहून ठेवा.
४. दोन नंबर मोठ्या अक्षरांत: रुग्णवाहिकेसाठी १०८, फुले योजनेसाठी १५५३८८.

काउंटरवर "धर्मादाय खाट शिल्लक आहे का?" असं स्पष्ट विचारा. उडवाउडवी झाली तर वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते. भीक नव्हे, हक्क आहे तो. लाजायचं कशाला?

वहिनींकडे त्या वेळी उत्पन्नाचा दाखलाच नव्हता. तो हाती येईपर्यंत दादा घरी आले होते आणि बिलही चुकतं झालं होतं. आता त्यांची फाइल देवघराखालच्या खणात असते. कुठे आहे, हे दादांना आणि मुलांनाही ठाऊक आहे. तुमच्या घरी आजारी पडणारी तुम्हीच असलात, तर फाइल कोण शोधणार? तेवढं आज रात्री जेवताना सगळ्यांना सांगून ठेवा.