बेलाला कुणी विचारलं का?



एक मुलगी. तिच्यावर प्रेम करणारे दोघे. त्यांतला एक व्हॅम्पायर, म्हणजे रक्तावर जगणारा आणि कधीच म्हातारा न होणारा. दुसरा साधा हाडामांसाचा मुलगा, पण राग आला की त्याचा लांडगा होतो! आता सांगा, तिनं कुणाचा हात धरावा?

ओळखलंत ना? तुमच्यापैकी काहींनी, आणि तुमच्या ताया-मावश्यांनी तर नक्कीच, ही गोष्ट वाचली असेल, नाहीतर सिनेमा पाहिला असेल. स्टेफनी मायर या अमेरिकन लेखिकेची ‘ट्वायलाइट’ ही कादंबरी २००५ साली आली. पाठोपाठ ‘न्यू मून’ (२००६), ‘इक्लिप्स’ (२००७) आणि ‘ब्रेकिंग डॉन’ (२००८). २००८ मध्येच पहिला सिनेमा आला आणि वाचकांत सरळ दोन तट पडले : ‘टीम एडवर्ड’ आणि ‘टीम जेकब’. टी-शर्टांवरसुद्धा हीच नावं!

आईबाबा, तुमच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, तर जरा थांबा. या गोष्टीत तुमच्यासाठीही काही आहे.

वॉशिंग्टन राज्यात फोर्क्स नावाचं एक छोटं, पावसाळी गाव आहे. अगदी खरं, नकाशात सापडणारं. सतरा वर्षांची बेला तिथे वडिलांकडे राहायला येते. शाळेत तिला एडवर्ड भेटतो. दिसायला सतराचा, पण जन्म १९०१ चा! अंग बर्फासारखं थंड. जेकब जवळच्या ला पुश वस्तीतला, क्विल्यूट जमातीचा. ही जमातही खरी आहे बरं का. आपले पूर्वज लांडग्यांपासून झाले अशी त्यांची जुनी कथा आहे. व्हॅम्पायरांशी वैर मात्र मायरबाईंच्या कल्पनेतलं. जेकबचं अंग कायम तापल्यासारखं. म्हणजे एकीकडे बर्फ, दुसरीकडे शेकोटी!

गंमत बघा, पहिल्या पुस्तकात जेकब अगदी थोडा वेळ दिसतो. दुसऱ्या पुस्तकात एडवर्ड गाव सोडून जातो, तेव्हा कुठे जेकब पुढे येतो. प्रेमाच्या त्रिकोणाचं कामच हे. दोघांचं जमलं की गोष्ट संपली. तिसरा आला की आणखी तीन जाड पुस्तकं! ही युक्ती तशी जुनीच. एल. जे. स्मिथ यांच्या ‘द व्हॅम्पायर डायरीज’मध्ये १९९१ सालीच एलेना ही मुलगी आणि स्टीफन व डेमन हे दोन व्हॅम्पायर भाऊ होते.

पण त्रिकोण नुसता लांबण लावण्यासाठी नसतो. बेलापुढे दोन मुलगे आहेत, म्हणजे खरं तर दोन आयुष्यं आहेत. जेकबबरोबर ती माणूस राहील. वडील, मैत्रिणी, म्हातारपण, सगळं मिळेल. एडवर्डबरोबर कायमचं तरुणपण, पण माणूसपण सुटणार. तेव्हा ‘कोण आवडतो?’ या प्रश्नाच्या पोटात ‘मला कोण व्हायचंय?’ हा प्रश्न दडलेला असतो. तुमच्या वयाला हा प्रश्न पडतोच, म्हणून तर ही पुस्तकं हातातून सुटत नाहीत.

आता थोडं आपल्या वेताळाकडे जाऊ. वेताळपंचविशीतली ती गोष्ट आठवते? एका मुलीला तिघांनी मागणी घातलेली असते. ती तापानं मरते. एक जण तिच्या राखेवर झोपतो, दुसरा तिच्या अस्थी गंगेला नेतो, तिसरा भटकत भटकत संजीवनीचा मंत्र मिळवतो. मुलगी जिवंत होते आणि तिघे भांडू लागतात. वेताळ राजाला विचारतो, ती कुणाची? राजा म्हणतो, जीव दिला तो बाप, अस्थी नेल्या तो मुलगा, राखेपाशी राहिला तो नवरा. उत्तर हुशारीचं, यात शंका नाही. पण ती मुलगी तिथेच जिवंत उभी होती की! तिला कुणी विचारलं का?

हाच प्रश्न घेऊन पुन्हा फोर्क्सला चला.

एडवर्ड रात्री गुपचूप बेलाच्या खोलीत येऊन तिला झोपेत बघत बसतो. विचारलं का? नाही. तिच्या भल्यासाठी म्हणून तिला सोडून जातो. विचारलं का? नाही. मग पुस्तकात नुसती महिन्यांची नावं लिहिलेली कोरी पानं येतात, इतके तिचे दिवस रिकामे जातात. ‘इक्लिप्स’मध्ये तिनं जेकबला भेटू नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनातला एक भागच काढून ठेवतो!

जेकबही काही कमी नाही. तिला नको असताना तो तिचं चुंबन घेतो. ती त्याला ठोसा मारते आणि हात मोडतो तिचाच. वडील तर जेकबलाच शाबासकी देतात! टीम जेकबवाले, आता काय म्हणता?

एडवर्डच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. तो पुढे सुधारतो. बेलाला स्वतः गाडीतून हद्दीपर्यंत नेऊन सोडतो आणि जेकबकडे जाऊ देतो. माणूस शिकू शकतो, अगदी शंभर वर्षांचा व्हॅम्पायरसुद्धा!

(शेवट वाचला नसेल तर पुढचा परिच्छेद गाळा.)

बेला शेवटी एडवर्डशी लग्न करते आणि व्हॅम्पायर होते. निवड तिची स्वतःची, हे महत्त्वाचं. मग जेकबचं काय? लेखिका जादूची कांडी फिरवते. लांडग्यांत अशी रीत, की एखाद्या व्यक्तीवर नजर पडताच जन्माची गाठ बसते. जेकबची गाठ बसते ती बेलाच्या नुकत्या जन्मलेल्या मुलीशी! ना त्याला कुणी विचारलं, ना त्या तान्ह्या बाळाला. त्रिकोण सुटला, कुणी रडलं नाही. खऱ्या आयुष्यात अशी कांडी नसते. तिथे ‘नाही’ ऐकणाऱ्याला खरंच दुखतं. पण ते दुःख पचवता येतं, आणि ‘नाही’ म्हणणारीचा किंवा म्हणणाऱ्याचा त्यात काही गुन्हा नसतो.

म्हणून मुलांनो, ही पुस्तकं जरूर वाचा, पण पेन्सिल घेऊन. जिथे विचारलं तिथे टिक, जिथे गृहीत धरलं तिथे फुली. मग तीच पेन्सिल आपल्या आसपास फिरवा. ‘माझा जीव आहे तुझ्यावर’ म्हणत कुणी तुमचा मोबाइल तपासत असेल, अमक्याशी बोलू नकोस असं बजावत असेल, तर ते प्रेम नाही, पहारा आहे. अशा वेळी गप्प बसू नका. घरातल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. आणि मुलग्यांनो, फुली आपल्यावर तर पडत नाही ना, हेही बघा.

आईबाबा, पुस्तक हिसकावू नका. त्यापेक्षा जेवताना विचारा, ‘काय गं, तू कुणाच्या टीममध्ये?’ ती कदाचित म्हणेल, ‘कुणाच्याच नाही. मी टीम बेला!’

तुमच्या पुस्तकात टिका जास्त निघाल्या की फुल्या? मोजून कळवा हं!