करड्या चित्रातील रंग

पुष्कळ घरांत एखादे जुने छायाचित्र जपून ठेवलेले असते. पणजोबा खुर्चीवर ताठ बसलेले, शेजारी पणजी उभी, पायाशी दोन मुले; सारे काही काळ्या, पांढऱ्या आणि करड्या छटांत. पूर्वी असे चित्र भिंतीवरच राहत असे. आता ते संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर येते आणि घरातील बारा वर्षांचा मुलगाही त्यात रंग भरू लागतो. पणजोबांची पगडी लाल दिसू लागते, पणजीचे लुगडे हिरवेगार बनते आणि घरची माणसे जमून कौतुक करतात. कौतुक करण्यासारखे ते आहेच. मात्र लुगड्याचा रंग हिरवाच होता, हे त्या मुलाला कोणी सांगितले, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

छायाचित्रात रंग भरण्याची हौस नवी नव्हे. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याची छायाचित्रणाची रीत जगापुढे आली. त्यानंतर थोड्याच वर्षांत चित्रकार हाती कुंचला घेऊन त्या चित्रांतील गालांवर लाली आणि दागिन्यांवर सोनेरी रंग चढवू लागले. हिंदुस्थानातही एकोणिसाव्या शतकात असे कुशल कारागीर होते. कधीकधी ते इतका दाट रंग देत, की खालचे छायाचित्र जवळजवळ झाकून जाई. तथापि त्या कारागिरांची एक सोय होती. ज्याचे चित्र, तो गृहस्थ बहुधा हयात असे. शेल्याचा रंग त्याला विचारता येई. शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रात आज रंग भरणाऱ्याला ती सोय उरलेली नाही.

करडी छटा पाहून मूळ रंग ओळखता येईल, असे अनेकांना वाटते. वस्तुतः तसे होत नाही. कृष्णधवल चित्रात उजेड किती होता एवढेच उमटते. तो कोणत्या रंगाचा होता, हे उमटत नाही. त्यातही जुन्या काळच्या काचांवरील रसायनावर निळ्या प्रकाशाचा परिणाम चटकन होई आणि तांबड्याचा जवळजवळ होतच नसे. त्यामुळे निळे आकाश पांढरे येई आणि लाल वस्त्र काळपट दिसे.

याच अडचणीतून एकदा मोठी सुंदर युक्ती निघाली. १९२५ साली रशियात सर्गेई आयझेनस्टाइन यांनी ‘बॅटलशिप पोटेमकिन’ हा मूकपट तयार केला. जहाजावर लाल निशाण चढते, असा त्यात प्रसंग आहे. खरे लाल निशाण टिपले असते, तर पडद्यावर ते काळे दिसले असते. म्हणून पांढरे निशाण टिपण्यात आले आणि मागाहून चित्रफितीवर तेवढ्यापुरता हाताने लाल रंग भरण्यात आला. जहाज, समुद्र, माणसे सारी करडी. निशाण तेवढे लाल! यात प्रेक्षकांची फसवणूक मुळीच नव्हती. हा रंग कोणीतरी मुद्दाम दिला आहे, हे ते चित्र स्वतःच सांगत होते. सबंध रंगविलेले छायाचित्र मात्र तसे सांगत नाही. ते पाहणाऱ्याला वाटते, त्या काळी हे असेच होते.

संगणकावर हे काम फार सोपे झाले आहे. मूळ चित्रावर पारदर्शक कागदासारखा एक थर ठेवावयाचा आणि त्या थरावर रंग भरावयाचा. खालचा छायाप्रकाश त्यातून दिसत राहतो. जेथे रंग नको तेथे तो झाकता येतो आणि थर काढला की मूळ चित्र जसेच्या तसे हाती येते. ही रीत मुलांनी अवश्य शिकावी. याखेरीज सबंध चित्र आपोआप रंगविणारी साधनेही निघाली आहेत. असंख्य रंगीत चित्रांवरून शिकलेले ते यंत्र, जो रंग बहुतेक वेळा आढळतो तो देऊन मोकळे होते. गवत आणि आकाश यांच्या बाबतीत ते चालते. माणसांच्या बाबतीत चालत नाही.

महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या आरंभीही काही घरांत विधवा स्त्रीचे केशवपन करीत आणि तिला लाल आलवण नेसावे लागे. हिरवे लुगडे आणि हिरवा चुडा हा सुवासिनीचा मान. समजा, एखाद्या जुन्या चित्रात अशी एक स्त्री कोपऱ्यात उभी आहे. तिचे आलवण काळपट उमटले आहे. रंगविणाऱ्याने ते छान हिरवे केले, काठांना सोनेरी रंग दिला. चित्र खुलले, यात शंका नाही. पण तिने जे जन्मभर सोसले, ते पुसले गेले. जे लुगडे तिला कधी नेसू दिले नाही, तेच चित्रात तिला नेसविले गेले. आता तिची पतवंडे म्हणतील, “किती सुखी दिसते ही!”

एकदा अंदाजाची सवय लागली, की हात रंगाशीच थांबेल असे नाही. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने तुओल स्लेंग येथील तुरुंगात हजारो निरपराध माणसांना कोंडले. तेथे आणलेल्या कैद्यांची छायाचित्रे घेत. त्यांतील फार थोडे वाचले. २०२१ साली यांपैकी काही चित्रे एका कलावंताने रंगविली आणि काहींच्या चेहऱ्यांवर हसूही उमटविले. मरणाच्या दारातील माणसे हसताना पाहून त्यांच्या नातलगांना काय वाटले असेल! देशाच्या सांस्कृतिक मंत्रालयानेही निषेध केला आणि ती चित्रे मागे घ्यावी लागली.

तेव्हा घरच्या चित्रात रंग भरण्यापूर्वी घरातील वृद्ध माणसाजवळ घटकाभर बसावे. पगडी, शेला, लुगडे यांविषयी विचारावे. जुन्या पेटीत एखादे वस्त्र अजून असेल, तर ते उजेडात पाहावे. जेवढे नक्की कळेल तेवढ्यालाच रंग द्यावा, मग तो एखाद्या खड्याएवढा का असेना. मूळ चित्राची प्रत निराळी ठेवावी आणि रंगविलेल्या चित्राखाली दोन ओळी लिहाव्यात: “नथीतील खड्याचा रंग आजीने सांगितला. बाकीचे चित्र जसे होते तसे.”