सभासदांनो, गट उघडण्याआधी सभा घ्या!

सोलापूरच्या सभासद बंधू-भगिनींनो,

गृहनिर्माण संस्था असो, पतसंस्था असो की बचत गट, कुणीतरी उत्साहाने मोबाइलवर गट उघडतो. लिंक फिरते. सकाळपर्यंत शेकडो जणांचे नंबर अनोळखी माणसांपुढे उघडे पडतात. थांबा. आपण बोलायचे कुठे, हे आधी सगळ्यांनी मिळून ठरवा.

हा प्रश्न जिवाचा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. मेलेले भिक्षुकी करणारे नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले. त्यांच्या बायकामुलांचे दुःख आपण विसरलेलो नाही.

तेव्हा कोणतेही ॲप निवडण्याआधी तुम्ही विचारा: गटात किती माणसे मावतात, नंबर कुणाला दिसतो, बोलणे कोण वाचू शकतो? व्हॉट्सॲपच्या गटात जास्तीत जास्त १,०२४ माणसे मावतात आणि प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. कुंभारीच्या रे नगर वसाहतीत २०२४ च्या जानेवारीत पहिल्या टप्प्यातच १५ हजार घरे कामगारांना मिळाली. घरटी एकच माणूस धरला तरी एवढ्या वस्तीचे पंधरा तुकडे होतील; मग अफवा सगळीकडे पोचेल, खुलासा मात्र एकाच तुकड्यात राहील. टेलिग्रामच्या गटात दोन लाख माणसे बसतात, नंबरही लपवता येतो. पण तिथल्या गटातले बोलणे कंपनीलाही वाचता येऊ नये अशी सोय नाही. व्हॉट्सॲपवर ती आहे.

माझे मत स्पष्ट आहे. सूचनांसाठी व्हॉट्सॲपची कम्युनिटी घ्या. तिथल्या सूचना फक्त ॲडमिन देतात आणि सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. चर्चेसाठी इमारतीपुरते छोटे गट ठेवा. नवा माणूस ॲडमिनच्या मंजुरीशिवाय आत येऊ देऊ नका. ॲडमिनमध्ये बायका हव्यातच. विडी वळणाऱ्या कितीतरी मावशी घरात तेलुगू बोलतात, त्यांच्यासाठी सूचना आवाजातही पाठवा.

नाहीतर उद्या कुणी भामटा सचिवांचा फोटो लावून देखभाल खर्च मागेल आणि एखाद्या घरची महिन्याची मजुरी जाईल. पैसे गेलेच तर लाजू नका, तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

मोबाइलवरचा 'हो' म्हणजे ठराव नव्हे. ठराव सभेतच करा, इतिवृत्तात लिहा. आणि हा विषय येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या, असा अर्ज आजच सचिवांच्या हाती द्या.